राणी गेली, पक्षी आले : फिजीच्या नोटा (नोटांचा भूगोल, लेखांक 9)

फिजीच्या नोटा जमवू पाहणारे बहुतेक जण 2013 साली चलनात आलेल्या मालिकेपासून सुरुवात करतात. कारण उघड आहे. या नोटा देखण्या आहेत, सहज मिळतात आणि कोऱ्या करकरीत घेतल्या तरी लहान किमतींच्या नोटांना फार पैसे पडत नाहीत. 5 डॉलरच्या पॉलिमर नोटेवर कुलावाई हा लाल गळ्याचा चिमुकला पोपट आहे. 10 वर नदीतला बेली मासा, 20 वर काथाऊ नी न्गाऊ हा समुद्रपक्षी, 50 वर तावेउनी बेटावरच्या डोंगरात फुलणारे तांगिमौथिया आणि 100 वर दर आठ वर्षांनी जमिनीतून वर येणारा ननाई नावाचा रातकिडा. रिझर्व्ह बँक ऑफ फिजीच्या या मालिकेला जीवसृष्टीची मालिका म्हणतात आणि संग्राहकही अल्बममध्ये तिला निसर्गाच्या पानावर चिकटवून मोकळे होतात. माझ्या मते तिची खरी जागा राजकारणाच्या पानावर आहे. देशाचा चेहरा कोणाचा, हे जिथे ठरत नाही, तिथे नोटेवर माणसाऐवजी पक्षी येतो. फिजीच्या नोटा तारीखवार लावल्या की ही गोष्ट स्वच्छ दिसते.

सुरुवात राणीपासून करावी लागते. 15 जानेवारी 1969 रोजी फिजीने पौंड सोडून डॉलर स्वीकारला, तेव्हा तो वसाहतीचाच भाग होता आणि नोटेवर दुसरी एलिझाबेथ असणे स्वाभाविक होते. 10 ऑक्टोबर 1970 रोजी स्वातंत्र्य मिळाले. राणी राष्ट्रप्रमुख राहिली, नोटेवरही राहिली. अडचण पुढे आहे. 1987 साली मे आणि सप्टेंबरमध्ये कर्नल सितिवेनी राबुका यांनी दोनदा लष्करी उठाव केला, ऑक्टोबरात देश प्रजासत्ताक घोषित झाला आणि राष्ट्रकुलातूनही बाहेर पडला. राणीशी घटनात्मक नाते संपले. नोटेवरची राणी मात्र हलली नाही. प्रजासत्ताकाच्या नोटांवर परक्या देशाची राणी पुढची 25 वर्षे मुकुट घालून बसली होती.

यावर सरळ आक्षेप असा येतो की छापील साठा पडून होता, गरीब देश, नवे साचे परवडले नसतील. हा आक्षेप संग्राहकाच्या हातातल्या नोटाच खोडून काढतात. 1990 च्या दशकाच्या मध्यावर फिजीने संपूर्ण नवी मालिका काढली, 2007 मध्ये पुन्हा एक काढली. दोन्ही वेळा मांडणी बदलली, पाठीमागची चित्रे बदलली, म्हणजे राणीला निरोप द्यायची संधी दोनदा आयती आली होती. दोन्ही वेळा राणी मुद्दाम ठेवली गेली. 1996 ची 50 डॉलरची नोट उलटून पाहा. मागे 1874 चा हस्तांतरणाचा करार आहे. 10 ऑक्टोबर 1874 रोजी थाकोम्बाऊ आणि इतर सरदारांनी लेवुका येथे बेटे ब्रिटिश राजसत्तेच्या स्वाधीन केली, तो प्रसंग. स्वातंत्र्यासाठीही हीच तारीख निवडली होती. म्हणजे प्रजासत्ताक झाल्यावर नऊ वर्षांनी छापलेल्या नोटेच्या एका बाजूला राणी आणि दुसऱ्या बाजूला तिच्या पणजोबांच्या आईला देश सोपवल्याचे चित्र! याला हलगर्जी म्हणता येत नाही. मूळ फिजियन सरदारांच्या महापरिषदेने एलिझाबेथला आपली सर्वोच्च सरदार मानणे प्रजासत्ताकानंतरही सोडले नव्हते. राबुकांच्या उठावाने देश राणीपासून तोडला, पण ज्यांच्या नावाने तो उठाव झाला त्यांनाच राणी हवी होती.

राणीच्या काळातली कुठलीही कागदी नोट उजेडासमोर धरली की कोऱ्या वाटणाऱ्या भागात जलचिन्ह उमटते : दाट केसांच्या फिजियन माणसाचे मस्तक. राणी शाईत आणि देशाचा माणूस कागदाच्या आत, प्रकाश पडला तरच दिसणारा. आणि तो माणूसही मूळ फिजियनच आहे. 1879 ते 1916 या काळात गिरमिटावर भारतातून 60,000 हून अधिक मजूर फिजीत नेले गेले. त्यांच्या घामावर तिथला साखर उद्योग उभा राहिला. 1986 च्या जनगणनेत त्यांचे वंशज मूळ फिजियनांपेक्षा संख्येने थोडे जास्तच होते. पण नोटेच्या दर्शनी बाजूवर त्यांच्यातला एकही चेहरा राणीच्या शेजारी बसला नाही. 1987 मध्ये उलथवलेल्या सरकारात भारतीय वंशाच्या मंत्र्यांना मोठे स्थान होते. त्यानंतर हजारोंनी देश सोडला आणि 2007 च्या जनगणनेपर्यंत त्यांचा वाटा सुमारे 37 टक्क्यांवर आला. अशा देशात एखाद्या नेत्याचे चित्र नोटेवर छापणे म्हणजे निम्म्या देशाला डिवचणे. राणी परकी होती, हीच तिची सोय होती.

मग ती गेली कशी? 2006 च्या उठावाने सत्तेवर आलेल्या फ्रँक बैनिमारामा यांनी वंशावर आधारलेली जुनी चौकट मोडायला घेतली. 2010 मध्ये सर्व नागरिकांना, वंश कोणताही असो, ‘फिजियन’ हेच नाव दिले गेले. मार्च 2012 मध्ये सरदारांची महापरिषदच बरखास्त झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नव्या नोटा जाहीर झाल्या आणि त्यावर राणी नव्हती. तारखा शेजारी ठेवल्या की निसर्गप्रेमाचे स्पष्टीकरण अपुरे पडते. राणीला राखणारी संस्था गेली आणि पाठोपाठ राणी गेली. तिच्या जागी सरदार बसवता येत नव्हता, भारतीय वंशाचा कामगार नेता बसवता येत नव्हता, आणि उठाव करणाऱ्या लष्करप्रमुखाने स्वतःला बसवले असते तर जगभर हसे झाले असते. कुलावाईला जात नाही, वंश नाही. खरे तर ती उरली आहे की नाही, हीही शंकाच. 1993 नंतर तिचे खात्रीलायक दर्शन कोणाला झालेले नाही. काथाऊ नी न्गाऊची कथाही तशीच आहे. 1855 मध्ये न्गाऊ बेटावर त्याचा एक नमुना मिळाला आणि पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तो दिसलाच नाही. 1980 च्या दशकात तो पुन्हा सापडला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पॅसिफिकमधले छोटे देश पर्यटनावर जगतात, ते पक्षी-मासेच छापणार, त्यात राजकारण कशाला शोधायचे? पण शेजारी पाहा. टोंगाच्या नोटांवर टोंगाचा राजा आहे. सामोआच्या 100 तालाच्या नोटेवर दुसरे मालिएतोआ तानुमाफिली आहेत. पापुआ न्यू गिनीने 50 किनावर मायकेल सोमारे यांना हयातीतच बसवले. समुद्र, प्रवाळ आणि पर्यटक सगळ्यांकडे आहेत. ज्यांच्याकडे एकमान्य चेहरा होता, त्यांनी तो छापला. उलट बाजूने दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण बोलके आहे. वर्णभेदी राजवट ढासळत असताना तिने नोटांवरून डच वसाहतवाला यान फान रिबेक हटवला आणि गेंडा, हत्ती, सिंह, रेडा, बिबट्या आणले. पुढे मंडेला यांच्या रूपाने सर्वांना चालणारा माणूस मिळाला आणि 2012 च्या नोव्हेंबरात तो नोटेवर आला. फिजीला असा माणूस मिळाला नाही.

की मिळाला? 2017 ची 7 डॉलरची नोट माझ्या युक्तिवादाला आडवी येते, म्हणून तिच्याकडे पाहायलाच हवे. रिओ ऑलिंपिकमध्ये 11 ऑगस्ट 2016 रोजी फिजीच्या रग्बी सेव्हन्स संघाने ब्रिटनला 43–7 असे लोळवून देशाचे पहिलेवहिले ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण, मिळवले. त्याची आठवण म्हणून निघालेल्या या नोटेवर कर्णधार ओसेआ कोलिनिसाऊ आणि प्रशिक्षक बेन रायन आहेत. माणसे परत आली खरी, पण कोणती? एक इंग्रज, आणि दुसरा मूळ फिजियनांचेच वर्चस्व असलेल्या खेळातला गडी. भारतीय वंशाच्या घरांत फुटबॉलची ओढ अधिक. गंमत म्हणजे त्याच काळात बैनिमारामा झेंड्यावरचा युनियन जॅक काढायच्या खटपटीत होते. पदक मिळाले, लोकांनी तोच झेंडा नाचवला आणि आठवड्याभरात त्यांनी तो बेत सोडून दिला. नोटेवरची राणी गेली, झेंड्यावरचा ब्रिटन राहिला. ही नोट अपवाद आहे आणि स्मरणिका म्हणूनच राहिली. नेहमीच्या मालिकेत तिने एकाही पक्ष्याला हलवले नाही.

संग्राहकाने यातून घ्यायची गोष्ट साधी आहे. पूर्ण मालिका घेण्यापेक्षा जोड्या घ्या : 2007 ची राणीची 20 डॉलरची नोट आणि शेजारी 2013 ची तेवढ्याच किमतीची. 1996 ची 50 ची नोट जरूर घ्या, वापरलेली चालेल, मात्र जलचिन्हाच्या जागी घडी नको. 2022 साली निघालेली 88 सेंटांची नोट सोडून दिली तरी बिघडत नाही. ती चिनी संग्राहकांना 8 या शुभ आकड्याची भुरळ घालण्यासाठी काढली आहे आणि तिच्यात फिजी फारसा नाही. 7 डॉलरची मात्र सोडू नका. डिसेंबर 2022 मध्ये राबुका पुन्हा सत्तेवर आले, या वेळी निवडणुकीतून, आणि त्यांच्या सरकारने सरदारांची महापरिषदही पुन्हा उभी केली. पुढच्या मालिकेवर कोण येते, हे आता पाहायचे. पुढच्या लेखांकात पापुआ न्यू गिनीच्या नोटा आणि त्यांवर छापलेले शिंपल्यांचे पैसे.