कर्जतचा बँकर आणि संगणकाचा गाभा
(द्वितीय वर्ष, कला)

मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लागतात, हे आपणा लोणावळेकरांना ठाऊकच आहे. घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट. रेल्वेचे लोक या इंजिनांना बँकर म्हणतात. लोणावळ्यास ती सुटतात.

लिनक्स संगणकाच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, असेच आहे. सगळी कामे तो सदा अंगावर वागवीत नाही. लागेल तो तुकडा, म्हणजे मॉड्यूल, वेळेवर जोडून घेतो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून, नंबर फिरवून मिळे. त्या जोडणीची पद्धत पीपीपी. नंबर लागल्यावर नाव आणि परवलीचा शब्द पटवण्याचे काम पीपीपीडी हा प्रोग्रॅम करतो. माहितीची ने-आण मात्र कर्नलमधले पीपीपीचे मॉड्यूल करते. ते नसेल तर नंबर लागूनही गाडी कर्जतलाच!

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून दिली असती. पण आमच्या नाणे मावळातल्या घरी मी जुन्या डोंगलवरून इंटरनेट घेतो, आणि त्यातही हीच पद्धत आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. संगणक म्हणाला, ‘कर्नलमध्ये पीपीपीची सोय नाही.’ मी आधी पावसाला दोष दिला, मग रिचार्जला. नंबर फिरवणारा प्रोग्रॅम तीनदा काढून घातला. (वडील म्हणाले, “बाळा, बैल नसताना नांगर किती वेळा धुशील?”)

‘मॉडप्रोब’ने पीपीपी मागितले, तर मॉड्यूल सापडेना. ‘युनेम’ने कर्नलचा क्रमांक विचारला आणि उलगडा झाला. संगणक हलका व्हावा म्हणून एका मित्राने नवा कर्नल बांधून दिला होता. कॉलेजात वायफाय असते, म्हणून त्याने पीपीपी वगळले होते. जुन्या कर्नलचे मॉड्यूल डिस्कवर होते, पण एका कर्नलसाठी बांधलेले मॉड्यूल सहसा दुसरा स्वीकारीत नाही. नवे उतरवून घ्यावे तर त्यालाच इंटरनेट हवे!

सुदैवाने जुना कर्नल पुसलेला नव्हता. संगणक पुन्हा सुरू करून सुरुवातीच्या यादीत तो निवडला. ‘एलएसमॉड’च्या यादीत पीपीपी दिसले. रात्री पावणेबाराला अर्ज गेला. मित्राला अजून सांगितलेले नाही. तो हा अंक वाचेलच.