रात्री दार कोण वाजवतंय?

शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही ऑफिसमधून सटकता. मेल सर्व्हरला मात्र वीकएंड नसतो. त्याचा लॉग उघडून बघा! 'इन्फो', 'अ‍ॅडमिन', 'सेल्स' अशी नावं घेऊन कुणीतरी रात्रभर पासवर्ड ट्राय करतंय. माणूस नव्हे, प्रोग्रॅम. त्याला ना झोप, ना कंटाळा.

एक पासवर्ड जुळला, की तुमच्या कंपनीच्या नावाने ढिगाने स्पॅम सुटतो. सर्व्हर ब्लॅकलिस्टमध्ये जातो आणि सोमवारी तुमचं साधं कोटेशनही क्लायंटपर्यंत पोचत नाही.

यावर 'फेलटूबॅन' नावाचा फुकटातला वॉचमन आहे. मूळ सेटिंगमध्ये १० मिनिटांत ५ वेळा चुकणाऱ्या आयपी अ‍ॅड्रेसला तो १० मिनिटं बाहेर ठेवतो. ही वेळ वाढवताही येते.

पण चोरही हुशार झालेत. वेगवेगळ्या पत्त्यांवरून, सावकाश, एकच सोपा पासवर्ड अनेक खात्यांवर लावून बघतात. नोव्हेंबर २०२३मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये असंच झालं. एका जुन्या टेस्ट खात्याला टू-स्टेप लॉगिन नव्हतं. तिथून शिरलेले हॅकर थेट बड्या अधिकाऱ्यांच्या मेलपर्यंत पोचले!

तेव्हा सिस्टीम अ‍ॅडमिनला एक कटिंग पाजा आणि तीनच प्रश्न विचारा. टू-स्टेप लॉगिन सगळ्यांना आहे का? नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद केलीत का? पोर्ट २५ बाहेरून येणाऱ्या मेलसाठी; तिथलं लॉगिन बंद आहे ना?

आणि तुमचा स्वतःचा पासवर्ड? बाइकचा नंबर असेल, तर आधी तो बदला. चहा नंतर!