नातीची पोटदुखी

सुट्टीला आलेली नात जेवत नाही, रात्री जागी असते आणि वसतिगृहावर परतण्याचा दिवस जवळ आला की तिचे पोट दुखू लागते. आपण ओवा देता. मग दवाखान्यात आणता. तपासण्यांत काहीच निघत नाही.

अशा वेळी ‘कॉलेजात कुणी त्रास देते का?’ हे तिला एकांतात विचारा आणि ती बोलेपर्यंत थांबा. (हे माझ्यापेक्षा आजीला अधिक साधते.) ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ एवढे मात्र विचारू नका.

लैंगिक छळ असल्यास, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार करावी लागते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी, अशी तरतूद आहे. शारीरिक वा मानसिक दुर्बलतेमुळे तिला तक्रार करणे अशक्य असेल, तर नातेवाइकांनाही ती करता येते, हे फार थोड्या घरांना ठाऊक असते.

घटनेची तारीख वहीत आजच लिहा, मोबाइलवरील संदेश पुसू देऊ नका. पोटदुखीच्या औषधांतच ते तीन महिने सरतात.