कॉपी तपासायची कुणी?

पत्रकारिता वर्गात बसून शिकता येते, हे मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या पचनी पडायला फार काळ गेला. ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाला. त्यानंतरची शंभर वर्षं लेखणी चालते आणि ठाम मत आहे, एवढी पात्रता पुरत असे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये ‘सकाळ’ काढला, गावोगावी बातमीदार नेमले आणि अग्रलेखाच्या सावलीतली बातमी पुढे आली. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वृत्तपत्रविद्येचा विभाग सुरू व्हायला मात्र १९६४ साल उजाडलं.

तरीही खरी शाळा डेस्कवरच भरायची. तालुक्याचा बातमीदार कागदाच्या एकाच बाजूला बातमी लिहून पाकीट संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा. ते डेस्कवर पोचलं की मुख्य उपसंपादकाचं लाल पेन चालू. विशेषणं उडायची, शेवटच्या परिच्छेदात दडलेली बातमी वर यायची, ‘असे समजते’खाली रेघ मारून समासात प्रश्न पडायचा: कुणाकडून? मग खिळे जुळवायचे, गॅलीप्रूफ काढायचं आणि ते मुद्रितशोधकापुढे ठेवायचं. आडनावातली चुकलेली वेलांटीही तिथून सुटत नसे. नवं पोरगं वर्षभरात सरळ व्हायचं.

त्या दिवसांचे गोडवे गाणारे एक सोयीस्करपणे विसरतात. या शाळेत प्रवेश बहुधा ओळखीनं मिळे, आणि रिपोर्टिंगला बाई क्वचितच दिसे. गावाकडच्या, घरात कुणी न शिकलेल्या मुलामुलींना या धंद्याचं दार किलकिलं केलं ते पदविका अभ्यासक्रमांनी. वर्गशिक्षणाची ही कमाई मोठी आहे.

पुढचे बदल भराभर झाले. डीटीपी आलं, जिल्हा आवृत्त्या निघाल्या, २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ सुरू झाले, मग सगळं मोबाइलवर आलं. दर टप्प्यावर बातमीवरून फिरणारी एकेक नजर कमी झाली. पहिली गदा मुद्रितशोधकावर आली. आता घटनास्थळावरची ओळ थेट वाचकाच्या हातात पडते, मध्ये कुणी नसतं.

आणि नेमकी हीच जागा अभ्यासक्रमांनी भरलेली नाही. आजचे विद्यार्थी तासाभरात व्हिडिओ कापून, आवाज देऊन मोकळे होतात. कौतुक वाटावं असंच आहे ते. पण त्यांच्यापुढे फेरफाराचा उतारा किंवा स्थायी समितीची विषयपत्रिका ठेवा. एफआयआर आणि आरोपपत्र यांतला फरक विचारा. बरेच जण गडबडतात. दोष त्यांचा नाही. त्यांना तहसील कचेरीत आणि कोर्टात कुणी नेलेलंच नसतं.

अभ्यासक्रम आखणाऱ्यांना म्हणून एक विनंती. शेवटचं एक सत्र वर्गाबाहेर काढा, आणि विद्यार्थ्यांची प्रत्येक कॉपी तपासायला एखादा निवृत्त उपसंपादक रीतसर मानधन देऊन नेमा. असे लोक तुमच्या शहरात अजून आहेत. त्यांना आत्ताच बोलवा.