आधी थोडा बिघडू द्या स्विंग

एप्रिल 1997. एकवीस वर्षांच्या गोल्फपटू टायगर वूड्सने ऑगस्टा इथली मास्टर्स स्पर्धा तब्बल 12 फटक्यांच्या फरकाने जिंकली. आणि मग कोच बुच हार्मनच्या मदतीने त्याने तोच विजयी स्विंग, म्हणजे फटका मारण्याची लकब, मोडून नव्याने बसवायला घेतला! 1998 मध्ये पीजीए टूरवर त्याच्या वाट्याला एकच विजेतेपद आलं. पण 2000 साली पेबल बीचवर यूएस ओपन त्याने 15 फटक्यांनी जिंकली.

जे वूड्सने पत्करलं, ते हौशी शिकाऊला फार जड जातं. कोचसमोर चेंडू सरळच गेला पाहिजे, या धडपडीत तो जुनी, सवयीची हालचालच पुन्हा करतो. पकड बदलली की काही दिवस चेंडू भलतीकडे जाणारच. ते दिवस काढण्याची तयारी नसेल, तर उत्तम कोचही फारसं काही करू शकत नाही.

सरावात दिसणारी प्रगती फसवीही असते. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या संशोधकांनी 1979 मध्ये एक साधा प्रयोग केला. ठरलेल्या क्रमाने लाकडी अडथळे हाताने पाडायचे, असे तीन प्रकार होते. एका गटाने एकेक प्रकार सलग घोटला, तर दुसऱ्याने तिन्ही सरमिसळ केले. सरावात पहिला गट सरस ठरला. पण दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत सरमिसळ करणारे पुढे निघाले. ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, एकाच क्लबने (गोल्फच्या काठीने) एकाच दिशेला चेंडूंची अख्खी बादली संपवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. प्रत्यक्ष खेळात लागोपाठ दोन फटके सहसा सारखे नसतात.

लक्ष कुठे ठेवायचं, हाही कळीचा प्रश्न. संशोधक गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये नवशिक्यांना छोटा पिच शॉट, म्हणजे जवळून चेंडू उचलून मारायचा फटका, शिकवला. काहींना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना क्लबच्या. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके अधिक अचूक पडले, आणि नंतरच्या चाचणीतही तो फरक टिकला.

सूचनांचा भडिमार तर दडपणाखाली अंगाशी येतो. संशोधक रिचर्ड मास्टर्स यांच्या 1992 मधल्या प्रयोगात एक गट पटिंगच्या, म्हणजे चेंडू हळूच घरंगळवत भोकात घालण्याच्या, तपशीलवार सूचना घेऊन शिकला. दुसऱ्याला सूचना नव्हत्या, उलट पट करतानाच मनाला येतील ती अक्षरं मोठ्याने म्हणत राहायची होती. दुसऱ्या गटाचं शिकणं संथ होतं. मात्र पैसे पणाला लागले, कुणीतरी पारखून बघतंय असं वाटू लागलं, तेव्हा सूचना घोकलेला गट गडबडला. दुसरा डगमगला नाही.

शिकवणीत कुणी अक्षरं पुटपुटत बसणार नाही, हे खरं. पण एका तासाला एकच बदल द्या, आणि तो कोपर-मनगटाच्या नव्हे, क्लबच्या भाषेत सांगा, अशी विनंती शिकणाऱ्याने कोचला जरूर करावी.