मध्य कसा साधावा?

रेषाखंडाचे दोन समान भाग करावयास सांगितले की विद्यार्थ्याचा हात प्रथम पट्टीकडे जातो. लांबी ७.३ सेंमी असल्यास निम्मे ३.६५ सेंमी होतात. पण पट्टीवर मिलिमीटरपेक्षा लहान खूण नसते. तेथे अंदाज सुरू होतो. दुभाजन हे मोजमापावर नव्हे, तर समान अंतराच्या कल्पनेवर उभे आहे, हे आम्हां गणितशिक्षकांना दरवर्षी नव्याने सांगावे लागते.

रेषाखंड अब घ्यावा. त्याच्या निम्म्याहून अधिक त्रिज्या कंपासमध्ये घेऊन, अ आणि ब ही केंद्रे मानून, रेषाखंडाच्या दोन्ही बाजूंस कंस काढावेत. ते प आणि फ या बिंदूंत छेदतात. रेषा पफ ही अबला म या बिंदूत छेदते. म हाच मध्यबिंदू. त्रिज्या निम्म्याहून कमी घेतल्यास कंस एकमेकांना भेटतच नाहीत.

हे खरे कशावरून? अप = बप, अफ = बफ आणि पफ ही सामाईक बाजू; म्हणून बाबाबा कसोटीने त्रिकोण अपफ व बपफ एकरूप होतात. त्यामुळे पजवळचे दोन कोन समान ठरतात. मग बाकोबा कसोटीने त्रिकोण अपम व बपम एकरूप होऊन अम = बम मिळते आणि मजवळचा प्रत्येक कोन ९० अंशांचा होतो. मध्य आणि लंब दोन्ही एकाच रेषेने साधतात, म्हणून तिला लंबदुभाजक म्हणतात.

कोनाचेही तसेच. शिरोबिंदू ओ केंद्र मानून काढलेला कंस दोन्ही भुजांना क आणि ख येथे छेदतो. क व ख पासून समान त्रिज्येचे कंस काढल्यास ते कोनाच्या आत ग येथे मिळतात. किरण ओग हा कोनदुभाजक होय. येथेही आधार बाबाबा कसोटीचाच.

वसतिगृहातील काही मुलांच्या कंपासपेटीत कंपास नसतो. असला तरी त्याचा स्क्रू ढिला असतो, त्रिज्या मध्येच बदलते आणि कंस चुकतात. अशा मुलास आपल्याला भूमिती येत नाही असे वाटू लागते. त्याच्यासाठी आम्ही वर्ग मैदानावर नेतो.

कबड्डीच्या १३ मीटर लांब व १० मीटर रुंद मैदानाची मध्यरेषा आखावयाची आहे असे समजू. लांबीच्या एका बाजूच्या दोन्ही टोकांस खुंट्या ठोकाव्यात. १६ मीटरची दोरी दुमडून तिच्या मध्यावर गाठ मारावी, टोकांचे फास खुंट्यांत अडकवावेत आणि गाठ धरून दोरी आधी मैदानाच्या आत, मग बाहेर ताणावी. गाठ जेथे टेकते त्या दोन खुणांतून जाणारी रेषा समोरच्या बाजूपर्यंत वाढविली की ती मध्यरेषा. मोजपट्टीने नुसता मध्य मिळाला असता; काटकोन वेगळा साधावा लागला असता. रेषा तिरपी गेली तर एका संघावर अन्याय होतो, हे मुलांना सांगावे लागत नाही.

ही रीत नवी नाही. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात शंकूच्या सावलीवरून पूर्व-पश्चिम रेषा ठरवून, नंतर दोन खुंट्यांना फास अडकविलेल्या दोरीने उत्तर-दक्षिण रेषा काढण्याचा विधी आहे. शुल्ब म्हणजे दोरीच. ग्रीक गणिती युक्लिडने सुमारे इ. स. पू. ३०० मध्ये आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात नवव्या विधानात कोनाचे आणि दहाव्यात रेषाखंडाचे दुभाजन सिद्ध केले.

मग कोनाचे तीन समान भागही असेच करता येतील ना, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारतोच. खुणा नसलेली पट्टी आणि कंपास एवढ्यांनीच कोणत्याही कोनाचे त्रिभाजन करणारी रीत असू शकत नाही, हे फ्रेंच गणिती वान्त्झेल याने १८३७ मध्ये सिद्ध केले. ९० अंशांच्या कोनाचे तीन भाग होतात, ६० अंशांच्या कोनाचे होत नाहीत.

परीक्षेत मात्र एक पथ्य पाळावे : रचनेचे कंस खोडू नयेत. मध्यबिंदू अंदाजाने दिला नाही, युक्तिवादाने मिळविला, याची साक्ष तेच देतात.