सॅम ह्यूस्टनचें दप्तर

थोर पुरुषांचीं चरित्रें घरांत मोठ्यानें वाचून दाखविण्याची चाल ज्या कुटुंबांत आहे, तेथें एक प्रश्न हटकून निघतो. सभेंत गर्जणारा, लढाया जिंकणारा हा गृहस्थ घरीं कसा होता? चरित्रकार बहुधा ह्या प्रश्नाला बगल देतो, कारण त्याच्यापाशीं साधन नसतें. सॅम ह्यूस्टन ह्या अमेरिकन पुढाऱ्याच्या बाबतींत मात्र तें साधन आहे, आणि थोडेंथोडकें नाहीं. त्याचे राजकीय लेख, भाषणें व पत्रें अमेलिया विल्यम्स आणि यूजीन बार्कर ह्यांनीं १९३८ ते १९४३ ह्या काळांत आठ खंडांत छापलीं. पुढें त्याच्याच वंशांतील मॅज थॉर्नल रॉबर्ट्स ह्या बाईंनीं त्याचा घरगुती पत्रव्यवहार १९९६ ते २००१ ह्या वर्षांत चार खंडांत प्रसिद्ध केला. आठ खंडांतला ह्यूस्टन आणि चार खंडांतला ह्यूस्टन हा एकच माणूस, ह्यावर पहिल्यानें विश्वास बसत नाहीं.

ह्यूस्टन १७९३ सालीं व्हर्जिनियांत जन्मला. बाप लवकर वारला. विधवा आई मुलांना घेऊन टेनेसी प्रांतांत गेली. त्या काळीं गोऱ्यांची वस्ती पश्चिमेकडे सरकत होती. वस्तीची जी कड, तीच तिकडची सरहद्द. पलीकडे मूळच्या इंडियन जमातींचा मुलूख. भावांनीं ह्याला दुकानांत बसविलें, तेव्हां सोळा वर्षांचा हा मुलगा पळून जाऊन चेरोकी लोकांत राहिला. उलूटेका नांवाच्या त्यांच्या नायकानें त्याला पुत्र मानलें. त्यानंतर सैन्य, वकिली, काँग्रेसचें सभासदत्व अशा पायऱ्या चढत १८२७ सालीं तो टेनेसीचा गव्हर्नर झाला.

येथपर्यंत कागद भरपूर आहेत. पण ज्या एका कागदासाठीं संशोधक आजवर तळमळत आले, तोच दप्तरांत नाहीं. १८२९ च्या जानेवारींत ह्यूस्टननें एलायझा ॲलन ह्या एकोणीस वर्षांच्या तरुणीशीं लग्न केलें. अकरा आठवड्यांनीं ती माहेरीं निघून गेली. एप्रिलांत ह्यूस्टननें गव्हर्नरपदाचा राजीनामा दिला व सरहद्द ओलांडून तो पुन्हां चेरोकींत गेला. असें काय घडलें? त्यानें सासऱ्याला लिहिलेलें एक पत्र उपलब्ध आहे. पत्नीची अलिप्तता आपल्याला जाचली, परंतु तिच्या शीलाविषयीं आपल्या मनांत किंतु नाहीं, एवढाच त्याचा आशय. त्यानंतर चौतीस वर्षें तो जगला. विरोधी पत्रांनीं ह्या प्रकरणावरून त्याला वारंवार डिवचलें, पण त्यानें एक ओळ लिहिली नाहीं कीं मित्रापाशीं शब्द काढला नाहीं. एलायझानेंही तेंच केलें. मरणापूर्वीं तिनें स्वतःचीं पत्रें व तसबिरी नष्ट करविल्या, असें सांगतात.

ह्या मौनाबद्दल आम्हांस आदर वाटतो, हें प्रथमच सांगून टाकतों. पुरुषानें बायकोवर बोट ठेवावें आणि जगानें माना डोलवाव्या, असा तो काळ. एका शब्दानें त्याची कीर्ति वांचली असती. तो शब्द त्यानें उच्चारला नाहीं. मात्र नाण्याला दुसरी बाजूही आहे. नवरा गप्प बसला म्हणून लोक गप्प बसत नाहींत. १८३० सालीं गॅलेटिन गांवच्या मंडळींना कमिटी नेमून, सासऱ्याला लिहिलेलें तें खासगी पत्र छापून, मुलीची निर्दोषता जाहीर करावी लागली. घरांतली गोष्ट झांकली तर संशय, उघडली तर अब्रू. कोणत्याही बाजूनें सोसावें लागलें तें तिलाच.

चेरोकींतल्या दिवसांचे कागद थोडे, पण बोलके आहेत. २१ ऑक्टोबर १८२९ रोजीं चेरोकी राष्ट्रानें त्याला आपलें नागरिकत्व लेखी बहाल केलें. टियाना रॉजर्स ह्या चेरोकी स्त्रीबरोबर तो संसार करीत होता, दारूही बेसुमार पीत होता. आणि त्याच वेळीं टोपणनांवानें वर्तमानपत्रांत लिहून सरकारी एजंट इंडियनांना कसे लुबाडतात हें चव्हाट्यावर आणीत होता. पुढें टेक्ससमध्यें, १८३६ च्या फेब्रुवारींत, त्यानें तेथील चेरोकींशीं तह करून त्यांना जमिनीचें वचन दिलें. टेक्ससच्या सेनेटनें १८३७ सालीं तो तह रद्द ठरविला. १८३९ च्या जुलैंत नव्या अध्यक्षानें, लॅमारनें, फौज पाठवून त्या लोकांना हांकून लावलें. ह्यूस्टननें भेट दिलेली तरवार बाळगणारा म्हातारा नायक बोल त्या लढाईंत पडला. कागदावरची सही किती टिकते, ह्याचा हा पहिला धडा ह्यूस्टनला मिळाला.

१८३६ सालीं मेक्सिकोच्या सत्तेविरुद्ध टेक्ससनें स्वातंत्र्य पुकारलें. २१ एप्रिलला सॅन जॅसिंटोच्या रणांत ह्यूस्टननें अवघ्या अठरा मिनिटांत सांता आनाच्या सैन्याचा फडशा पाडला. टेक्ससच्या प्रजासत्ताकाचा तो दोनदां अध्यक्ष झाला. दुसऱ्या खेपेस एक मौजेचा प्रसंग घडला. १८४२ सालीं मेक्सिकन फौजा दोनदां सॅन अँटोनिओपर्यंत येऊन गेल्या, म्हणून ऑस्टिन शहरांतलें सरकारी दप्तर हलवावें असें ह्यूस्टननें ठरविलें. दप्तर गेलें कीं राजधानीही गेली, हें ऑस्टिनकरांनीं ओळखलें, शिवाय जमिनींचे सगळे हक्क त्याच कागदांत! ३० डिसेंबरला अध्यक्षाचीं माणसें तीन गाड्या भरूं लागलीं. तें अँजेलिना एबर्ली ह्या खाणावळवाल्या बाईंनीं पाहिलें आणि चौकांतल्या तोफेलाच बत्ती दिली. कोणी मेलें नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं गांवकऱ्यांनीं पाठलाग करून दप्तर परत आणलें. तिकडच्या इतिहासांत ह्याला ‘दप्तराचें युद्ध’ असेंच नांव आहे.

आतां त्या चार खंडांकडे वळूं. १८४० सालीं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, ह्यूस्टननें अलाबामांतील मार्गरेट ली ह्या एकवीस वर्षांच्या तरुणीशीं लग्न केलें. माहेरच्यांना धास्ती पडली असल्यास नवल नाहीं. मार्गरेट धर्मनिष्ठ, दम्यानें पीडलेली, कविता करणारी; पण मनाची खंबीर. तिनें नवऱ्याची दारू सोडविली. त्यांना आठ मुलें झालीं. १८४६ पासून तेरा वर्षें ह्यूस्टन अमेरिकेच्या सेनेटचा सभासद होता. दर हिवाळ्यांत तो वॉशिंग्टनला जाई. मार्गरेट मुलांसह टेक्ससमध्यें राही. म्हणूनच हीं पत्रें झालीं. विरह नसता तर चार खंडही नसते.

सेनेटमध्यें इतरांचीं भाषणें चाललेलीं असतां हा मनुष्य चाकूनें लांकूड तासून मुलांसाठीं चिमुकलीं खेळणीं करी, नाहींतर घरीं पत्र लिहीत बसे. रविवारीं देवळांत ऐकलेल्या प्रवचनाचा सारांश तो मार्गरेटला बिनचूक कळवी. मुलांचे धडे, शेत, तिची प्रकृति, घरची आठवण हेच विषय पुनःपुन्हां येतात. आणखी एक विषय म्हणजे राजकारण सोडून कायमचें घरीं येण्याचें वचन. डिसेंबर आला कीं स्वारी पुन्हां निघे. वाचतांना आमच्या मनांत आलें, मार्गरेटनें हें वचन कितव्या पत्रापासून मनावर घेण्याचें सोडलें असेल?

कारण तिकडे संसार तिच्या एकटीच्या शिरावर होता. १८४७ सालीं, नवरा दूर असतांना, तिच्या स्तनांतली गांठ डॉक्टर ॲशबेल स्मिथ ह्यांनीं कापून काढली. भुलीचें औषध अद्याप त्या बाजूला पोंचलें नव्हतें. वेदना बोथट करावयास दारू देत. जी दारू नवऱ्याला सोडावयास लाविली, ती आपण कशी घ्यावी? चांदीचें नाणें दांतांखालीं धरून तिनें तें सोसलें. सॅन जॅसिंटोच्या अठरा मिनिटांवर ग्रंथ लिहिले गेले. ह्या वेळेची नोंद कोणी ठेवली नाहीं.

१८५४ सालीं एकसष्टाव्या वर्षीं ह्यूस्टननें ओढ्याच्या थंडगार पाण्यांत बाप्तिस्मा घेतला, त्याचें श्रेय सर्वांनीं मार्गरेटलाच दिलें. त्याच वर्षीं, नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी करणाऱ्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याविरुद्ध मत देऊन त्यानें आपल्या दक्षिणेचा रोष ओढवून घेतला. येथें एक गोष्ट झांकणें अप्रामाणिकपणाचें होईल. त्याच्या स्वतःच्या घरीं गुलाम होते. ज्या घरांतून इतकीं जिव्हाळ्याचीं पत्रें निघालीं, त्या घराचीं लांकडें फोडणाऱ्यांचा एकही खंड नाहीं.

१८६१ च्या मार्चांत टेक्सस अमेरिकेंतून फुटला. गव्हर्नर ह्यूस्टननें फुटीर राज्याशीं निष्ठेची शपथ घ्यावी असा हुकूम झाला. रात्रभर तो माडीवर येरझारा घालीत होता. सकाळीं खालीं येऊन ही शपथ आपण घेणार नाहीं, एवढें त्यानें मार्गरेटला सांगितलें. सभागृहांत त्याच्या नांवाचा पुकारा झाला, तेव्हां तो तळघरांत लांकूड तासीत बसला होता. पद गेलें. लिंकननें फौज देऊं केल्याचें पत्र आलें होतें. आपल्याच लोकांवर हत्यार उचलणें नको म्हणून त्यानें तें चुलींत टाकलें, असें सांगतात. ज्या युद्धाला विरोध केला, त्याच युद्धांत थोरला मुलगा दक्षिणेकडून लढावयास गेला व १८६२ सालीं शायलोच्या रणांत जखमी झाला.

ह्यूस्टन २६ जुलै १८६३ रोजीं हंट्सव्हिल येथें वारला. मागें जमीन बरीच, रोकड फार थोडी. तेव्हां जोशुआ ह्या त्यांच्या घरच्या गुलाम लोहारानें आपली सांठविलेली सारी पुंजी मार्गरेटपुढें ठेवली, आणि ती न घेतां मुलांच्या शिक्षणाला लाव असें तिनें त्याला सांगितलें, अशी आख्यायिका आहे. हा जोशुआ ह्यूस्टन स्वतंत्र झाल्यावर त्याच गांवचा नगरसभासद झाला, आणि त्याचा मुलगा सॅम्युअल वॉकर ह्यूस्टन नांवाजलेला शिक्षक.

मार्गरेट मुलांना घेऊन आईजवळ इंडिपेंडन्स गांवीं राहावयास गेली. पतीचे कागद तिनें जपले. विल्यम केरी क्रेन ह्यांनीं त्यांच्या आधारें लिहिलेलें चरित्र १८८४ सालीं निघालें, पण तें पाहावयास ती राहिली नव्हती. १८६७ च्या डिसेंबरांत पीतज्वराच्या सांथींत ती गेली. सांथीच्या भयानें तिचा देह हंट्सव्हिलला नेतां आला नाहीं. तिला इंडिपेंडन्सलाच आईच्या शेजारीं पुरलें. आणि ह्यूस्टन हंट्सव्हिललाच आहे.